तिटकारा येतो, द्वेष करावा लागतो

विचारणाऱ्या अनुवादकाची अडचण थोडक्यात अशी. एका हिंदी कथेचं मराठी चाललं आहे. कथेतल्या काकांनी थोरल्या भावाची जमीन फसवून आपल्या नावावर करून घेतलेली. वीस वर्षांनी पुतणी गावी येते तेव्हा काका अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, पाणी मागतात. ती पेला त्यांच्या तोंडाला लावते, पण मान फिरवून. बाहेर ओट्यावर आल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणते, ‘मुझे उनसे नफरत है.’ अनुवादकाने पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘मी त्यांची घृणा करते.’ संपादकांनी ते खोडून ‘मला त्यांचा तिटकारा आहे’ केलं. मुद्रितं वाचणाऱ्याने समासात पेन्सिलीने ‘द्वेष?’ असं टिपून ठेवलं. तिघांत बरोबर कोण, ‘तिटकारा’ म्हणजे नेमकं काय, आणि तो शब्द वापरायचा कुठे?

अनुवाद करण्यात आणि त्याहून जास्त काळ दुसऱ्यांचे अनुवाद तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली. ‘नफरत’ आणि इंग्रजीतला ‘हेट’ यांनी माझी जेवढी तांबडी शाई खाल्ली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दांनी खाल्ली असेल. मराठीत या शब्दांना जोडीदार एक नाही, दहा-बारा आहेत, आणि कोश उघडावा तर ते सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. तिटकारा म्हणजे किळस, किळस म्हणजे शिसारी, शिसारी म्हणजे तिटकारा. फिरून फिरून भोपळे चौकात. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. अशा जागी नामाकडे नंतर बघायचं, आधी क्रियापद बघायचं.

किळस येते. शिसारी येते. वीट येतो, चीड येते, तिटकारा येतो. ताप येतो, झोप येते, रडू येतं, तसंच हे. ज्याला ते होतं तो माणूस वाक्यात ‘मला’, ‘तिला’, ‘आजीला’ असा बाजूला उभा असतो, आणि येण्याचं काम ती भावनाच करते. द्वेषाचं तसं नाही. ‘मला त्याचा द्वेष आला’ असं मराठी माणूस म्हणत नाही. द्वेष करतात. दुस्वास करतात. मत्सर करतात, तिरस्कार करतात. तिथे ‘मी’ पुढे होतो आणि काहीतरी करतो, निदान मनातल्या मनात तरी. वाटणं दोन्हीकडे चालतं, द्वेष वाटतो आणि तिटकाराही वाटतो. पण कस लागतो तो ‘येणे’ आणि ‘करणे’ या दोन क्रियापदांवर.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या एका रविवारच्या वर्गाला मी काही दिवस शिकवत होतो. आवडी-नावडीवर पाच ओळी लिहायच्या होत्या. एका नऊ वर्षांच्या मुलाने लिहिलं, ‘मी भेंडीचा द्वेष करतो.’ व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण त्याच्या शेजारी बसलेली आजी हसून म्हणाली, ‘अरे, भेंडीने तुझं काय घोडं मारलंय?’ द्वेषाची सगळी व्याख्या त्या एका प्रश्नात आली. द्वेष करायला समोरच्याने आपलं घोडं मारलेलं लागतं, किंवा मारलं असं आपण धरून चालावं लागतं. आणि मग त्याचंही घोडं मरावं अशी इच्छा लागते. भेंडीचं वाईट व्हावं असं त्या मुलाला वाटत नव्हतं. ती ताटात नको एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याला भेंडी आवडत नव्हती, फार तर तिच्या बुळबुळीतपणाचा तिटकारा होता.

तर तिटकाऱ्याचा गाभा हा: नको असलेल्या गोष्टीपासून मन आणि तोंड दोन्ही फिरवणं, ती दूर असावी किंवा आपण तिच्यापासून दूर असावं अशी तीव्र, मुरलेली इच्छा. तिचा नाश व्हावा ही इच्छा त्यात नाही. गंमत म्हणजे ‘नफरत’ हा शब्द ज्या अरबी धातूवरून आला त्याचा मूळ अर्थही जनावराने बिथरून दूर पळणं असाच आहे. हिंदीत येईपर्यंत पळणारं जनावर वळून शिंगं रोखू लागलं, आणि आता त्या शब्दात दोन्ही मावतं. मराठीत मावत नाही, म्हणून निवड करावी लागते.

‘येणाऱ्या’ शब्दांतसुद्धा तिटकाऱ्याची जागा ठरलेली आहे, आणि ती काळावरून कळते. चहात माशी पडली की किळस येते. तिला भूतकाळ लागत नाही, तान्ही ओळख पुरते. शिसारी तिच्याच घरातली, फक्त अंगावर काटा उभा राहण्याच्या बाजूला झुकलेली. उघडी जखम बघून येते ती शिसारी. वीट यायला मात्र रोजचा सहवास लागतो. वसतिगृहात महिनाभर सकाळी उपमाच मिळाला की उपम्याचा वीट येतो. आणि त्यातही एक अट आहे: आधी ती गोष्ट गोड लागलेली, निदान चालत असलेली असावी लागते. श्रीखंडाचा वीट येतो. ज्याला कारलं मुळातच चालत नाही त्याला कारल्याचा वीट कधीच येत नाही. ‘रंग विटला’ म्हणतो तेव्हाही आधी रंग असतोच. तसं मन विटतं.

तिटकारा या दोघांच्या मधला नाही, वेगळ्याच दिशेचा आहे. त्याला आठवण लागते. ज्या घरात बाप रोज रात्री पिऊन यायचा त्या घरातल्या मुलीला दारूच्या वासाचा तिटकारा असतो. इथे किळस म्हटलं तर फक्त नाकापुरतं होतं, वीट म्हटलं तर तीही कधीकाळी पीत होती असं वाटतं, आणि द्वेष म्हटलं तर ती दारूबंदीच्या मोर्चात निघाली आहे असं वाटतं. तिटकारा म्हटलं की दाराची कडी, जिन्यातली पावलं, सगळं त्या वासाबरोबर येतं.

चीड वेगळी. तीही येते, पण ती येते अन्यायाची, लबाडीची, खोट्याची. आणि ती तापते. चीड आलेला माणूस पुढे येतो, बोलतो, क्वचित हात उगारतो. तिटकारा आलेला माणूस मागे सरतो. ‘मस्तकात तिडीक गेली’ हे त्याहूनही क्षणिक. तिडीक एरवी दाढेतून किंवा कमरेतून उठते, ती इथे डोक्यात जाते. हल्लीची मुलं ‘तो माझ्या डोक्यात जातो’ म्हणतात त्याला काही जाणती माणसं नाक मुरडतात. मला तो प्रयोग झकास वाटतो. तिडकीचीच ती धाकटी बहीण आहे, आणि तिच्यातही नको असलेली गोष्ट आपल्याकडे चालून येते, आपण काही करत नाही.

किळसेबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण आपल्या शास्त्रकारांनी तिच्याकडे फार बारकाईने पाहिलं. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत बीभत्स आहे आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा, आपली किळसच. ती रंगमंचावर दाखवायची कशी, तर अंग आखडून घेऊन, तोंड वाकडं करून, थुंकून. शब्द एकही नाही, सगळं शरीर. मराठी घरात लहान मूल मातीचा गोळा तोंडात घालायला जातं तेव्हा आई ‘शीऽऽ’ करते, तोच हा अभिनय, आणि मूल तो बघून शिकतं. कारण जन्मतः त्याला माती शीऽऽ वाटत नसते. म्हणजे ‘येते’ म्हणतो ती किळससुद्धा बरीचशी कुणीतरी आणून दिलेली असते. सुकटीचा वास एका घरात भूक चाळवतो आणि जिन्यापलीकडच्या घरात खिडक्या लावून घेतल्या जातात. नाकं दोन्हीकडे सारखीच. तेव्हा ‘आम्हाला वासाचाच तिटकारा आहे हो’ हे वाक्य सोसायटीच्या सभेत ऐकलं की ते भाषेच्या दृष्टीने चोख आहे एवढंच मी म्हणेन. ‘येतो’ या क्रियापदाची ही सोय आहे, करणारा कुणी दिसत नाही.

जुगुप्सेचं व्याकरणही मजेदार आहे. ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणं, झाकणं. त्याला पाणिनीच्या एका सूत्राने ‘सन्’ प्रत्यय लागून जुगुप्सा होते. त्याच सूत्रात आणखी दोन धातू आहेत. त्यांच्यापासून एक शब्द होतो तितिक्षा, म्हणजे सोसणं, आणि दुसरा चिकित्सा. किळस, सोसणं आणि उपचार हे तिघे एका सूत्रात शेजारी बसलेले आहेत. ज्याने कुणी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काम केलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

आता ‘करण्या’चे शब्द. तिरस्कारात ‘तिरस्’ आहे, आड, बाजूला. संस्कृत नाटकातला पडदा म्हणजे तिरस्करिणी. तिरस्कार करणारा समोरच्याला नजरेआड करतो, हिशेबातून काढून टाकतो. म्हणूनच तिरस्कार वरून खाली वाहतो. नोकर मालकाचा द्वेष करू शकतो, त्याला मालकाचा तिटकाराही येऊ शकतो; पण ‘तिरस्कार’ म्हटलं की नोकर मनाने तरी मालकाहून उंच झालेला असतो. ही उंची अनुवादात हरवली तर अख्खं पात्र हरवतं.

दुस्वास हा माझा आवडता शब्द आहे (दुस्वास करणं आवडतं असं नव्हे). तो घरातला. सावत्र आई, जावा-जावा, आवडता मुलगा आणि नावडता मुलगा. दोन राष्ट्रं एकमेकांचा द्वेष करतील, दुस्वास करणार नाहीत. दुस्वासात मोठा घाव नसतो, रोजची टोचणी असते: ताटात कमी वाढणं, जुना कपडा देणं, दुसऱ्याचं कौतुक याच्यासमोर मुद्दाम करणं. आणि ‘नावडतीचं मीठ अळणी’ ही म्हण त्याच स्वयंपाकघरातली. मीठ तेच, त्याच डब्यातलं, फक्त घालणारी नावडती. ‘नावड’ हा मुळात किती साधा शब्द, आवड नसणं इतकाच. पण म्हणीत शिरल्यावर तोही माणसाचं आयुष्य अळणी करतो.

‘घृणा’बद्दल मात्र मी हट्टी आहे, अनुवादकाने क्षमा करावी. मराठीत घृणा आहे, जुनी आहे, पण ती सहसा ‘वाटते’. ‘घृणा करणे’ हा हिंदीचा थेट उतारा आहे. त्याशिवाय या शब्दाच्या पोटात एक गंमत दडली आहे. संस्कृतात घृणा म्हणजे किळस, आणि घृणा म्हणजे दया, कणवही. वर्तमानपत्रात आपण रोज ‘निर्घृण हत्या’ वाचतो. ती हत्या करणाऱ्याला किळस आली नाही असा त्याचा अर्थ नाही, दया आली नाही असा आहे. म्हणजे मराठीच्या एकाच पानावर घृणेचे दोन उलटे अर्थ सुखाने नांदत असतात: ‘घृणास्पद कृत्य’ आणि ‘निर्घृण खून’, बऱ्याचदा एकाच बातमीत. मी विद्यार्थ्यांना ‘निर्घृण’चा विग्रह करायला सांगतो तेव्हा वर्गात दोन मिनिटं शांतता असते.

असाच घोळ ‘राग’ या शब्दाने घालून ठेवला आहे आणि त्याचा फटका द्वेषाला बसतो. ‘रागद्वेष सोडावेत’ हे कीर्तनातलं वाक्य मराठी श्रोता ‘चिडणं आणि वैर सोडावं’ असं ऐकतो. मुळात राग म्हणजे ओढ, आसक्ती. अनुरागातला राग तोच. पतंजलीच्या योगसूत्रांत लागोपाठ येतं: सुखामागोमाग येतो तो राग, दुःखामागोमाग येतो तो द्वेष. एकदा ज्याने दुखावलं त्याच्यापासून मनाने मागे सरणं, हा तिथला द्वेष. आयुर्वेदातला ‘अन्नद्वेष’ही असाच: रोग्याला अन्न नको होतं, अन्नाचं कुणी वाईट चिंतत नाही. घरात आपण त्यालाच ‘अन्नावरची वासना उडाली’ म्हणतो. तेव्हा शास्त्रातला द्वेष हा पुष्कळदा आपल्या बोलीतला तिटकारा असतो. शास्त्रग्रंथाचं भाषांतर करताना द्वेष हा परिभाषेचा शब्द म्हणून ठेवावा लागतो, ते ठीक. पण पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा हवा, नाहीतर वाचक साधकाला उगाचच भांडखोर समजतो.

हे सगळं शब्दांचे खेळ वाटत असतील तर एक खटला सांगतो. १८९७ साली ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. दंडसंहितेच्या १२४अ कलमात तेव्हा सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ उत्पन्न करणं हा गुन्हा होता. मराठीत त्याला अप्रीती म्हणतात. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला या शब्दाचा अर्थ समजावून दिला: डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा, प्रीतीचा अभाव. आणि पुढे त्यातच द्वेष, वैर, नावड, शत्रुत्व, तुच्छता, सरकारविषयीची प्रत्येक प्रकारची वाईट भावना घातली. म्हणजे आवड नसणं आणि वैर असणं यांच्यातली अख्खी उतरंड एका शब्दात कोंबली. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन द्वेष आणि तुच्छता हे शब्द कलमातच बसवले गेले. कलमाखालच्या स्पष्टीकरणांत नुसती नापसंती दाखवणं मात्र गुन्ह्याबाहेर ठेवलेलं होतं. नापसंती चालेल, द्वेष चालणार नाही. आणि लेख कुठल्या बाजूला पडतो हे बहुतांशी मराठी न येणाऱ्या ज्यूरीने इंग्रजी तर्जुम्यावरून ठरवायचं. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन एकेका शब्दावर हुज्जत घातली ती यासाठीच. तेव्हा सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेची. समासातल्या पेन्सिलीच्या ‘द्वेष?’ला मी हलक्यात घेत नाही, ते त्यामुळे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि अप्रीतीचं ते जुनं कलम त्या शब्दांत आता राहिलेलं नाही, पण ‘द्वेषमूलक भाषण’ हा शब्दप्रयोग रोजच्या बातम्यांत आहे. तिथे द्वेष हाच शब्द योग्य, कारण तिथे कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून बोललं जातं. ‘तिटकारामूलक भाषण’ म्हणून बघा, हसू येईल.

आता थोडी कारागिरी. तिटकारा पुल्लिंगी, म्हणून ‘त्याचा तिटकारा’. द्वेष, तिरस्कार, दुस्वास, वीट हेही पुल्लिंगी. किळस, घृणा, चीड, शिसारी स्त्रीलिंगी. ‘किळस आला’ असं हल्ली ऐकू येतं, लिहिताना ‘आली’च लिहावं. विभक्तीत तिटकाऱ्याने, तिटकाऱ्यामुळे, तिटकाऱ्यापोटी. इथला र अर्धचंद्राचा, आचाऱ्यांमधला. आचार्यांमधला रफार नव्हे. टंकलेखनात ‘तिटकार्याने’ असं पडलेलं मी किती वेळा दुरुस्त केलं याची गणती नाही.

‘येतो’, ‘वाटतो’ आणि ‘आहे’ हे एकमेकांच्या जागी सरसकट घालू नयेत. ‘आताशा मला या सत्कारांचा तिटकारा येऊ लागलाय’ यात भावना वाटेवर आहे, अजून पोचते आहे. ‘त्याचं ते हसणं बघून तिटकारा वाटला’ ही एका प्रसंगाची गोष्ट. ‘आप्पांना उधारीचा तिटकारा होता’ यात मात्र आप्पांचा अख्खा स्वभाव आला. असं वाक्य मृत्युलेखात शोभतं. ‘तिटकारा करणे’ही अधूनमधून वाचायला मिळतं. तो प्रयोग चुकीचा म्हणणार नाही, पण ‘करणे’ लागताच तिटकारा आपली जागा सोडून तिरस्काराच्या दारात जाऊन बसतो. तसं म्हणायचं असेल तर तिरस्कारच म्हणावं. ‘तिटकारा निर्माण झाला’ हे सरकारी परिपत्रकाला बरं, कथेत नको.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस खटकत होती, मग तीच खूण वाटायला लागली. या शब्दाला बोलण्यात चालणारं विशेषण नाही. किळसवाणा आहे, घृणास्पद आहे, तिरस्करणीय आहे. तिटकाऱ्याला ‘तिटकारा यावा असा’ म्हणत वळसा घ्यावा लागतो. माणसासाठी नामही नाही. द्वेष करणारा तो द्वेष्टा, मत्सर करणारा मत्सरी, चिडणारा चिडखोर. तिटकारा येणाऱ्याला नाव नाही. किळसवाणी गोष्ट दहा जणांना किळसवाणीच दिसते, म्हणून तो गुण वस्तूला चिकटवता आला. तिटकारा ज्याचा त्याच्यापाशी असतो. तो ना समोरच्याचा गुण होतो, ना स्वतःचा धंदा.

वस्तूचा, गुणाचा आणि माणसाचा तिटकारा यांत वजनाचा फरक आहे. ‘मला लाचारीचा तिटकारा आहे’ म्हणणारा स्वतःचं थोडं कौतुकही करून घेत असतो. मुलाखतींत हे वाक्य फार येतं. ‘त्याच्या लाचारीचा तिटकारा आला’ म्हटलं की माणूस अजून वाचलेला असतो, त्याचा एक गुण गेला. ‘त्याचा तिटकारा आला’ म्हटलं की संपलं.

माणसाच्या बाबतीत तर मराठी बऱ्याचदा नामाशिवायच काम भागवते, आणि अनुवादकाने ही पोतडी हाताशी ठेवावी. पाण्यात पाहणं, डूख धरणं, दात ठेवणं, खार खाणं हे सगळं द्वेषाच्या बाजूचं. त्यांत दबा धरून बसणं आहे. ‘त्याचं नाव काढू नकोस’, ‘त्याची सावली नको’, ‘तोंड बघायची इच्छा नाही’ हे तिटकाऱ्याच्या बाजूचं. त्यांत फक्त अंतर मागितलेलं आहे. छीथू वेगळी, ती चारचौघांत होते. आणि सर्वांत बारीक हत्यार सर्वनामाचं. काल ज्यांना ‘काका’, ‘ते’ म्हणत होतो ते आज ‘तो माणूस’ झाले की वाचकाला आणखी काही सांगावं लागत नाही. मी एका बाईंना ओळखत होतो, त्या सासऱ्यांबद्दल कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत; पण वीस वर्षांत ‘मामंजी’ हा शब्दही त्यांनी उच्चारला नाही. ‘वरच्या खोलीत चहा नेऊन दे’ असं म्हणायच्या. खोलीला.

तर कथेतली पुतणी. तिच्याकडे घोडं मारलं गेल्याचं कारण आहे, म्हणून ‘द्वेष’ लिहिणाऱ्याचं चुकलं असं पटकन म्हणवत नाही. वीस वर्षांपूर्वी तिने हे वाक्य म्हटलं असतं तर मीही द्वेषच ठेवला असता. पण तिने आत्ता पेला तोंडाला लावला आहे. द्वेष करणारी एक तर पाणी देत नाही, किंवा देते आणि त्यांच्याकडे टक लावून बघते, त्यांची अवस्था डोळे भरून बघते. ही मान फिरवते. लेखकाने ती मान फिरवली तिथेच शब्द निवडून ठेवला आहे. घृणा म्हटलं तर अंथरुणाला खिळलेल्या देहाची, त्या खोलीतल्या वासाची किळस असं वाचलं जाईल आणि जमीन विसरली जाईल. तिरस्कार म्हटलं तर ती त्यांच्याहून उंच होईल, आणि कथेत ती उंच झालेली नाही, थकलेली आहे. संपादकांनी तिटकारा केला ते बरोबर केलं.

तरी माझ्या हाती हे मुद्रित आलं असतं तर मी तिटकाराही खोडला असता. नवऱ्याशी ओट्यावर बोलणारी गावातली लेक असं नामाचं वाक्य बोलेल का, याची मला शंका आहे. मराठीला एक क्रियारूप आहे जे हिंदीत इतक्या सहज होत नाही: खाववत नाही, ऐकवत नाही, बसवत नाही. त्यात इच्छेचा प्रश्नच उरत नाही, मनच ते काम करायला नकार देतं. ‘येणाऱ्या’ भावनेचं हे शेवटचं टोक. पाणी पाजून आलेल्या पुतणीच्या तोंडी मी एवढंच ठेवलं असतं: ‘मला काकांकडे बघवत नाही.’ आणि ‘काका’ तसंच राहू दिलं असतं.